चारशे फोटो काढले, पण पाहिलं काय?

६ डिसेंबर २०२२. मायला घेऊन मी दादरला गेलो होतो. शिवाजी पार्कच्या बाजूने रांगेला लागलो आणि साडेसहा तासांनी चैत्यभूमीत पोचलो. रात्री परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून मी फोटो निवडत होतो. दिवसभरात ४१२ काढले होते. स्टेटसला कोणते टाकायचे, हा त्या वेळचा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. तेवढ्यात खालून माय म्हणाली, “त्या म्हातारीनं गाव कोणतं सांगितलं रे?”

“कोणती म्हातारी?”

माय काहीच बोलली नाही. मग हळूहळू मला आठवलं. रांगेत आमच्या शेजारी एक म्हातारी होती. मायचा हात धरूनच ती पुढे सरकत होती. तिच्या फडक्यातली अर्धी भाकर आणि ठेचा मी खाल्ला होता. मी मोबाईलमध्ये शोधायला लागलो. ४१२ फोटोंत स्तूप होता, निळे झेंडे होते, पुस्तकांचे स्टॉल होते, समुद्र होता आणि मी तर होतोच होतो. म्हातारी कुठेच नव्हती. एका सेल्फीच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात कोपरापर्यंत आला होता. तेवढीच ती.

मी चैत्यभूमीला गेल्याचे ४१२ पुरावे माझ्याकडे होते. साडेसहा तास शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मात्र मला आठवत नव्हता. त्या रात्री मी स्टेटस टाकलं नाही.

मित्रांनो, पुढे मी जुन्या कॅमेऱ्याबद्दल लिहिणार आहे. काहींना वाटेल, चळवळीतल्या पोराला हा कसला शौक लागला. तो आक्षेप मी टाळणार नाही, त्याचं उत्तर पुढे देतो. आधी काय घडलं ते ऐका.

मामाचा डबा

माझा मामा तालुक्याच्या गावात फोटोग्राफर होता. लग्न, बारसं, जयंती, पासपोर्ट साइज, मयताचा शेवटचा फोटो, सगळं करायचा. डिजिटल आलं आणि त्याचा धंदा बसला. तो गेल्यावर मामीने त्याचा कॅमेरा मला दिला. पेंटॅक्स के-१०००. अस्सल यांत्रिक कॅमेरा. त्यातला छोटा सेल फक्त प्रकाश मोजायच्या काट्यासाठी लागतो, बाकी सगळं हाताने. लेन्समध्ये बुरशी धरली होती. औरंगाबादेतल्या एका जुन्या कारागिराने ती साफ करून दिली.

कॅमेऱ्यासोबत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला. त्यात निगेटिव्हच्या पट्ट्या, ‘इंदू’ फिल्मची दोन रिकामी खोकी आणि एक वही होती. ‘इंदू’ ही आपल्या देशात बनणारी फिल्म. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातून यायची. निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिलं तर आमची सगळी वस्ती दिसली. निगेटिव्हमध्ये आम्ही सगळे गोरे आणि आभाळ काळंकुट्ट! मामी आणि मी खूप हसलो.

वहीत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक फ्रेमच्या नंबरापुढे माणसाचं नाव आणि एखादी ओळ. प्रिंट कुणाला द्यायची हे कळावं म्हणून मामा लिहीत असणार. ‘चष्मा काढून नको.’ ‘मुलगा शिकायला गेला, त्याला पाठवायचा.’ एका बाईच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘पाटी खाली ठेवून काढा म्हणाली.’

या ओळीपाशी मी थांबलो. ती बाई रोज डोक्यावर पाटी घेऊन जायची, गावाने तिला तशीच पाहिली होती. आयुष्यात बहुधा एकदाच फोटो निघणार होता आणि तो कसा निघावा हे तिने ठरवलं होतं. मामाने ऐकलं आणि वहीत लिहून ठेवलं. मी कार्यकर्ता म्हणून हजारो लोकांचे फोटो काढलेत. तुमचा फोटो कसा काढू, असं मी एकालाही विचारलं नव्हतं.

कोरा रोल

१४ एप्रिल २०२३. जयंतीला मी कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा कृष्णधवल रोल भरला. मोबाईल घरीच ठेवला. सवयीने हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

फिल्मच्या कॅमेऱ्यात काय होतं ते सांगतो. पडदा नसतो. काढलेला फोटो बघता येत नाही, खोडता येत नाही. प्रत्येक फोटोआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. लेन्सचं छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि फोकस कुठे करायचा. शिवाय फोटो छत्तीसच. एका रोलला धुलाई आणि स्कॅनिंग धरून मला हजार-अकराशे रुपये लागतात. म्हणजे बोट दाबलं की तीस रुपये गेले. साहजिकच माणूस बोट दाबण्याआधी पाहतो. यात अध्यात्म काही नाही, खिशाचा हिशोब आहे. पण त्या हिशोबामुळे मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एकेका माणसाकडे दोन-दोन मिनिटं पाहत उभा राहिलो.

संध्याकाळी काउंटरवर ३६ आकडा आला. लिव्हर अडकली नाही. ३७, ३८, ४० झाले तरी फिरतच राहिली. मला वाटलं, रोल थोडा जास्त निघाला असेल. कुरिअरने रोल मुंबईला पाठवला. अठरा दिवसांनी निरोप आला, “रोल कोरा आहे. कॅमेऱ्यात तो फिरलाच नाही.”

ही चूक नवशिक्याची. फिल्मचं टोक आतल्या खाचेत नीट अडकलं नाही, तर लिव्हर फिरते, आकडा पुढे जातो आणि फिल्म जागची हलत नाही. रोल गुंडाळायची डावीकडची कळ सोबत फिरते का, एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं. मी पाहिलं नव्हतं.

फार वाईट वाटलं. जयंतीचा एकही फोटो हातात नव्हता. रात्री वही घेऊन बसलो आणि काढलेले फोटो आठवून लिहायला लागलो. भिंतीवर अशोकचक्र रंगवणारा पोरगा, आरे मोजताना त्याचे हलणारे ओठ. भोजनदानासाठी कांदा चिरणाऱ्या चार बाया, त्यातली एक बिनपाण्याच्या डोळ्यांनी चिरत होती. डीजेच्या ट्रकचा ड्रायव्हर, एवढ्या गोंगाटात स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला. बापाच्या खांद्यावर बसून स्वतःचा निळा फेटा पुन्हा पुन्हा सावरणारी पोरगी. छत्तीसपैकी एकवीस आठवले. कुठे ऊन होतं, कुठे सावली होती, तेही आठवलं.

४१२ फोटोंच्या दिवशी शेजारची म्हातारी आठवेना आणि एकही फोटो नसलेल्या दिवसाचे एकवीस चेहरे डोळ्यांसमोर उभे. तेव्हा मला कळलं की मोबाईलने माझं काही चोरलं नव्हतं. ‘नंतर बघू’ म्हणून बघण्याचं काम मीच त्याच्यावर टाकलं होतं आणि ते ‘नंतर’ कधी येत नव्हतं.

धम्मात याला सम्यक स्मृती म्हणतात. अष्टांगिक मार्गातलं हे सातवं अंग. आपण विहारात ते पाठ म्हणतो. चालताना चालतोय हे जाणणं आणि पाहताना पाहतोय हे जाणणं, एवढी साधी गोष्ट मला एका कोऱ्या रोलने शिकवली.

काळे चेहरे

तोवर बुद्धपौर्णिमा आली. दुसरा रोल नीट भरला, कळ फिरते का तेही पाहिलं. भर दुपार, पांढऱ्या चुन्याची विहाराची भिंत, सगळे उपासक-उपासिका पांढऱ्या कपड्यांत. कॅमेऱ्यातला काटा बरोबर मधोमध आणून मी फोटो काढले.

या वेळी फोटो आले. कपडे छान आले, भिंत छान आली, चेहरे मात्र काळेठिक्कर. डोळेसुद्धा ओळखू येईनात. लॅबवाल्याने फोनवर सहज विचारलं, “चेहरे उजळून देऊ का? तुमच्याकडची माणसंच डार्क आहेत.”

त्या वाक्याने मी पार दहावीच्या वर्षात जाऊन पडलो. परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला स्टुडिओत गेलो होतो. आणि मीच, माझ्या तोंडाने, म्हणालो होतो, “जरा गोरा करा ना.” त्याने कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत केला. तो फोटो पुढे कॉलेजच्या ओळखपत्रावर आला, बायोडेटावर आला, बरीच वर्षं मी तोच वापरला. भाषणात मी ‘स्वाभिमान’ हा शब्द किती वेळा उच्चारला असेल! आणि खिशातल्या ओळखपत्रावर चेहरा कुणाचा होता?

लॅबवाल्यावर चिडणं सोपं होतं. पण मी आधी शोधलं की चेहरे काळे का आले. कारण असं. कॅमेऱ्यातला मीटर माणूस ओळखत नाही. समोरून जो प्रकाश येतो त्याची तो सरासरी काढतो आणि ती सरासरी मध्यम करडी असावी असं गृहीत धरतो. समोर पांढरी भिंत आणि पांढरे कपडे असले की त्याला वाटतं, प्रकाश फार झाला, कमी करा. तो कमी करायला सांगतो आणि सावळा चेहरा अंधारात जातो. मीटरला कुणाचा द्वेष नाही. पण सरासरीवर चालणाऱ्या यंत्राच्या हाती सगळं सोपवलं, तर भिंत नीट येते आणि माणूस बुडतो. हा नियम फक्त कॅमेऱ्याचा आहे का, हे तुम्हीच ठरवा.

रंगीत फिल्मचा इतिहास तर याहून बोलका आहे. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या गोऱ्या कातडीचा रंग बरोबर आला की प्रिंट बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे नीट येत नाहीत, ही तक्रार होतीच. पण कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी दाखवून दिलं आहे की, कंपनीला गडद तपकिरी छटांवर काम करायला लावलं ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या जाहिरातदारांच्या तक्रारींनी. वेगवेगळ्या वर्णांच्या बाया एकत्र असलेलं कार्ड निघायला १९९०चं दशक उजाडलं. माणसांच्या आधी कपाटांना न्याय मिळाला!

मग उपाय काय? मामीने सांगितला. तिने मामाला पाहिलेलं होतं. “ते आधी हात धरायचे कॅमेऱ्यापुढं.” मी वाचून पाहिलं तर ती खरीच जुनी पद्धत निघाली. ज्या उजेडात माणूस आहे त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरायचा, त्यावर मीटर लावायचा आणि त्याने सांगितलं त्यापेक्षा एक पायरी जास्त प्रकाश द्यायचा. माणसाची कातडी कितीही काळी असो, कितीही गोरी असो, तळहाताचा उजळपणा साधारण सारखाच असतो. म्हणून हे माप जगभर चालतं.

मी अंगणात उन्हात उभा राहून माझा तळहात कॅमेऱ्यातून पाहिला. इतक्या वर्षांत तो असा निरखून कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून कुणाचाही फोटो काढताना मी आधी आपला हात पुढे धरतो. समोरचे हसतात. हसू दे.

रिकामी बसलेली माय

माय बावीस वर्षं शाळेत खिचडी शिजवते आहे. तिचे मोबाईलमध्ये शेकडो फोटो आहेत. सगळ्यांत एकच हसू, पदर सावरलेला. मी कॅमेरा घेऊन म्हणालो, “माय, तुझा एक काढतो. कसा काढू?”

तिला प्रश्नच समजला नाही. मग मी मामाच्या वहीतली पाटीवाल्या बाईची ओळ वाचून दाखवली. माय बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मंग मी रिकामी बसलेली काढ. रिकामी बसलेली मला कुणी पाह्यलीच नाही.”

ती दारातल्या उंबऱ्यावर बसली. हातात काही नाही, निवडायला काही नाही. मी हात धरून प्रकाश मोजला, फोकस करत राहिलो. ती आधी फोटोचं हसू हसली. मी बटण दाबलं नाही. “झालं का?” “नाही.” हसू ओसरलं. तिने मांडीवर हात ठेवले. उजव्या मनगटावर कढईने भाजल्याचा डाग आहे, तो मी पहिल्यांदा पाहिला. मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. काही ऐकताना ती खालचा ओठ जरासा दाताखाली धरते. मीही धरतो. मित्र मला त्यावरून चिडवतात. ती सवय कुणाची हे मला तेव्हा, कॅमेऱ्याच्या छोट्याशा चौकटीतून कळलं. आणि हेही कळलं की दहावीत स्टुडिओवाल्याकडून मी जो रंग पुसून घेतला होता, तो हिचा होता.

मी एकच फोटो काढला. तो चांगला आलाय. पण नसता आला तरी चाललं असतं.

आता आक्षेप

पहिला आक्षेप, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. रोल महाग आहे, खरं आहे. पण माझं म्हणणं फिल्मच विकत घ्या असं नाही. चार मित्रांत एक रोल घ्या, प्रत्येकी नऊ फोटो. तेही नको असेल तर मोबाईलवरच स्वतःला अट घाला, आज दहाच काढीन आणि रात्रीपर्यंत बघणार नाही. आपल्या वस्तीतल्या फोटोग्राफरांनी पोट भरण्यासाठी फिल्म वापरली आहे. ती वस्तू ‘त्यांची’ आहे असं मानणं हाच मुळात एक वारसा सोडून देणं आहे.

दुसरा आक्षेप, अत्याचार घडतो तिथे मोबाईलच लागतो. शंभर टक्के मान्य. कॅमेरा चालू ठेवणारा एक हात कधीकधी अख्खी केस वाचवतो. तो मोबाईल खाली ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण आपण पुरावा गोळा करायची सवय मायच्या जेवणाच्या ताटापर्यंत नेली आहे, तिथे थांबा म्हणतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. समाज जळत असताना ‘स्वतःचा शोध’ कसला घेता? याला उत्तर म्हणून गॉर्डन पार्क्स या काळ्या अमेरिकन फोटोग्राफरची गोष्ट सांगतो. रेल्वेच्या डब्यात वेटरचं काम करणाऱ्या या तरुणाने सिएटलमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला जुना कॅमेरा घेतला. १९४२ मध्ये तो वॉशिंग्टनला एका सरकारी फोटो विभागात रुजू झाला. तिथला प्रमुख रॉय स्ट्रायकर याने पहिल्या दिवशी त्याला काय सांगितलं? कॅमेरे इथेच ठेव आणि शहरात फिरून ये. हॉटेलात जेवायला गेला, वाढलं नाही. थिएटरने आत घेतलं नाही. दुकानाने कोट विकला नाही. रागाने पेटून तो परतला. त्याच इमारतीत फरशी पुसणाऱ्या एला वॉटसन या बाईशी त्याने बोलणं काढलं. तिच्या वडिलांना झुंडीने मारलं होतं. त्याने तिला अमेरिकेच्या झेंड्यासमोर झाडू आणि पोछा घेऊन उभं केलं. तो फोटो पुढे ‘अमेरिकन गॉथिक’ म्हणून जगभर गाजला.

पण पार्क्स तिथे थांबला नाही, हे आपण विसरतो. स्ट्रायकरच्या सांगण्यावरून तो पुढचे काही आठवडे तिच्यासोबत राहिला. तिच्या घरी, नातवंडांत, चर्चमध्ये. झाडू खाली ठेवल्यावर ती बाई कोण आहे, हे त्याने पाहिलं. पहिला फोटो रागातून आला, पुढचे सोबत राहण्यातून आले. चळवळीला दोन्ही लागतात. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, तेही वर्षानुवर्षं त्या माणसांत राहून. स्वतः हजर नसलेला माणूस दुसऱ्याला न्याय कसा देणार?

आता एक परीक्षा घेऊ. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा तो कौटुंबिक फोटो आठवा. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. आपण तो किती वेळा फॉरवर्ड केलाय! त्यात एक कुत्राही आहे, हे किती जणांना आठवलं? २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, म्हणजे तो फोटो त्यांच्या अखेरच्या सव्वा वर्षाच्या उंबरठ्यावरचा. आज तो उघडा आणि फॉरवर्ड न करता दोन मिनिटं फक्त रमाईंच्या चेहऱ्याकडे पाहा. मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल.

अकरा फ्रेम

६ डिसेंबर २०२३ ला मी आणि माय पुन्हा दादरला गेलो. माय रांगेत हिरव्या बांगड्या शोधत होती. ती म्हातारी भेटली नाही. तिचं गाव आम्हाला आता कधीच कळणार नाही आणि त्यात चूक माझी आहे.

त्या दिवशी मी अकराच फोटो काढले. पंचवीस फ्रेम उरल्या. पण मामाच्या वहीत मागे कोरी पानं होती, त्यावर अकरा नावं आहेत, अकरा गावं आहेत आणि प्रत्येकापुढे एक ओळ. पहिली ओळ एका आजोबांची आहे. कसा काढू विचारल्यावर ते म्हणाले, “आधी बस, भाकर खा.”

मी बसलो.

जय भीम!